‘करून राहिलो’ आणि ‘काऊन बे’
काही जण म्हणतात, नागपूरकरांनी मराठी हिंदीत बुडवली. अहो, १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. कचेरीत, बाजारात हिंदी शेजारीच बसायची. ‘जेवून राहिलो’ (म्हणजे ‘जेवतोय’) यावर तिची सावली दिसते, मान्य. पण डोळ्याचा ‘डोया’ हा वऱ्हाडीचा स्वतःचा उच्चार, त्यात हिंदीचा काय संबंध? तरी मालिकेतला वऱ्हाडी माणूस हटकून भोळा नाहीतर विनोदी. (कोल्हापूरकडची मुलगी ‘मी येतो’ म्हणाली की लगेच ‘डॅशिंग’! तिकडे आज्जीसुद्धा तसंच बोलते.) पुण्याच्या होस्टेलवर मला ‘काऊन बे’ (म्हणजे ‘का रे’, पण उद्धटपणे) म्हणून चिडवायचे. मी अकोल्याचा, घरी ‘बे’ म्हटलं असतं तर आईनं थोबाडच रंगवलं असतं.