'कोट ऑफ आर्म्स'ला मराठीत काय म्हणायचं?

पानसुपारी: मुलांच्या एका मासिकासाठी त्रिनिदाद-टोबॅगोवर पानभर मजकूर करतेय. त्यांच्या कोट ऑफ आर्म्सला मी 'राजचिन्ह' लिहिलं, संपादकांनी खोडून 'बोधचिन्ह' केलं. मला काही ते पटत नाहीये, बोधचिन्ह म्हटलं की संमेलनाचं नाहीतर बँकेचं डोळ्यासमोर येतं. इथे ढाल आहे, दोन्हीकडे पक्षी, वर शिरस्त्राण, खाली ब्रीदवाक्याची पट्टी, बराच पसारा आहे. काय लिहू?

तिरपागडा: राजचिन्ह कसं काय? राजा कुठाय तिथे? 1962 ला स्वतंत्र झाले तेव्हा राणी होती, 1976 ला प्रजासत्ताक झाले. राष्ट्रचिन्ह लिहा नि मोकळ्या व्हा.

गोदाकाठ: आपल्याकडे तरी कुठला राजा आहे हो? तरी चार सिंहांना राजमुद्राच म्हणतो ना. राजपत्र, राजभाषा, सगळीकडे राज म्हणजे राज्य.

तिरपागडा: मुद्रा म्हणजे ठसा. महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेवर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' वगैरे अक्षरं आहेत, चित्र नाही. सिंहांना राजमुद्रा म्हणायची खोड पेपरवाल्यांनी लावली.

गोदाकाठ: लावली ना, मग रुळली. आता तुम्ही एकटे पुसून काढणार का?

माडाची_वाडी: ते चालू द्या तुमचं. ताई, पक्षी कुठले लिहिलेत?

पानसुपारी: ढालीवर दोन सूर्यपक्षी, बाजूला लाल बगळा आणि कोक्रिको. सगळ्यात वर जहाजाचं चाक आणि ताडाचं झाड.

माडाची_वाडी: अहो ताड कुठला, माड तो! नारळ लागलेत चांगले. इंग्रजीत पाम दिसला की लोक डोळे मिटून ताड लिहितात, कोकणातली पोरं हसतील. आणि सूर्यपक्षी नका लिहू, तो आपला शिंजीर, हमिंगबर्ड वेगळ्या कुळातला, अमेरिका खंडांच्या बाहेर तो नाहीच, शिवाय उलटा उडतो. लाल बगळा पण चूक, आयबिस म्हणजे शराटी. चोच बघा ना, खाली वाकलेली. त्रिनिदादमधल्या कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी यांचे थवे खारफुटीवर उतरतात, झाडंच्या झाडं लाल. पिल्लं मात्र करडी-तपकिरी, खेकडेबिकडे खाऊन मग रंग चढतो.

चकवाचांदणं: शराटी म्हणजे शर, बाण. बाणासारखी चोच म्हणून.

माडाची_वाडी: वाकडा बाण मारून बघा एकदा. काही ठिकाणी कुदळ्या म्हणतात, ते तरी चोचीला शोभतं.

चकवाचांदणं: बरं बरं. कोक्रिकोचं काय मग?

माडाची_वाडी: तसंच ठेवा, ओरडण्यावरून पडलेलं नाव आहे. हा टोबॅगोचा, त्रिनिदाद बेटावर नसतो, म्हणून ढालीच्या एका बाजूला एका बेटाचा पक्षी नि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. टोबॅगोचे शेतकरी मात्र वैतागलेत, राष्ट्रीय पक्षी येऊन भाजीपाला फस्त करतो.

गोदाकाठ: ताई, चित्र जुनं तर नाही ना? ढालीवरची कोलंबसची तीन जहाजं काढून तिथे स्टीलपॅन घालायचं 2024 ला जाहीर झालं, 2025 ला संसदेने मंजूरही केलं.

पानसुपारी: अरे देवा, माझ्या चित्रात जहाजंच आहेत. स्टीलपॅनला काय म्हणू, पोलादी ढोल?

तिरपागडा: ढोलाला चामडं लागतं. तेलाच्या पिंपाचं बूड ठोकून खोलगट करतात, त्यावर वेगवेगळे सूर लावलेले असतात. पिंपवाद्य म्हणा.

गोदाकाठ: काय शब्द आहे! पोरं मासिक फेकून देतील. स्टीलपॅनच लिहा, टेबल-खुर्ची चालते तर हे का नको?

तिरपागडा: उद्या ढालीला पण शील्ड म्हणाल.

चकवाचांदणं: आणि पिंप तरी कुठे आपलं, पोर्तुगीज पिपावरून आलंय.

पानसुपारी: अहो पण संपादकांना राजचिन्ह सांगू की राष्ट्रचिन्ह? उद्या पान द्यायचंय.

तिरपागडा: पिपा असेल तर पीप व्हायला हवं. आमच्या आजोळी पीपच म्हणायचे, हा अनुस्वार कुणी आणला?