टोनी कोनिग्लियारो : हळहळ कशाची, कौतुक कशाचं?

फेनवेकर

१८ ऑगस्ट जवळ आला की इथे बॉस्टनमध्ये तेच छायाचित्र पुन्हा समोर येतं. इस्पितळात पडलेला बेसबॉलपटू टोनी कोनिग्लियारो, डावा डोळा काळानिळा होऊन मिटलेला. आणि खाली उसासे, 'तो चेंडू लागला नसता तर...' मीही पंचवीस वर्षं हेच म्हणत आलो. आता वाटतं, हे म्हणून आपण त्याच्यावर अन्याय करतोय.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. टोनी इथल्याच, बॉस्टनला लागून असलेल्या रिव्हिअरचा. जन्म १९४५. १९६४ मध्ये बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाकडून त्यांच्या फेनवे पार्क मैदानावर पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला आणि होमरन मारला, म्हणजे आपल्या षटकारासारखा चेंडू थेट मैदानाबाहेर. वय १९. पुढच्या वर्षी ३२ होमरन, अमेरिकन लीगमध्ये (इथल्या दोन मोठ्या लीगांपैकी एक) सर्वांत जास्त. इतक्या लहान वयात तो मान तिथे दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. बाविसाव्या वर्षी होमरनचं शतकही झालं. मग १८ ऑगस्ट १९६७ ची रात्र. कॅलिफोर्निया एंजल्सच्या जॅक हॅमिल्टनचा चेंडू डाव्या गालावर बसला. गालाचं हाड मोडलं, जबडा निखळला, डोळ्याच्या पडद्याला इजा झाली. तो मोसम गेला, १९६८ तर अख्खं गेलं.

लोक इथेच थांबतात. पण १९६९ मध्ये तो परत आला. डाव्या डोळ्याच्या नजरेत मधोमध डाग पडलेला. चेंडूकडे सरळ बघितलं तर चेंडूच दिसेना, म्हणून तो किंचित बाजूला बघून कडेच्या नजरेने चेंडू टिपायचा. पिचरच्या हातून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपर्यंत पोचतो, आणि तेवढ्या वेळात हा सगळा खटाटोप. तरी मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, बाल्टिमोरला, त्याने होमरन मारला. त्या वर्षी २० झाले. १९७० मध्ये ३६ होमरन मारले आणि ११६ धावा घडवून आणल्या. दोन धड डोळ्यांनी खेळतानाही त्याला हे आकडे गाठता आले नव्हते.

मग न झालेल्या पाचशे होमरनसाठी रडायचं, की या झालेल्या छप्पन्नसाठी उभं राहून टाळ्या वाजवायच्या?

आकडेमोड

असहमत. टाळ्या वाजवा की, पण हळहळीला अन्याय म्हणू नका. जखमी झाला त्या रात्रीपर्यंत त्याचे १०४ होमरन होते आणि वय होतं २२. होमरनचा बादशहा हँक आरन, त्याने बाविसाव्या वर्षाचा मोसम संपवला तेव्हा त्याचे ६६ होते. पुढे आरनने ७५५ मारले. टोनीने तेवढे मारले असते असं मी म्हणत नाही. पण हे आकडे बघून ज्याच्या पोटात तुटत नाही, त्याला काय गेलं हे कळलेलंच नाही.

आणि तुमचं १९७० माझ्याच बाजूने बोलतंय. नजरेत डाग असून ३६, तर डाग नसता तर किती?

फेनवेकर

आकडेमोड, आरन वर्षानुवर्षं धडधाकट खेळला म्हणून ७५५ झाले. टोनीचं तसं नव्हतं. पहिल्याच मोसमात चेंडू लागून हात मोडला होता. १९६७ च्या वसंतातल्या सरावात खांद्याच्या पात्याला मार बसला. तो प्लेटला, म्हणजे ज्या पाटीवरून चेंडू टाकला जातो तिला, अगदी खेटून उभा राहायचा, आतल्या चेंडूवर मागे सरणं त्याला मान्यच नव्हतं. त्याचे होमरन त्या उभं राहण्यातून आले आणि दुखापतीही त्यातूनच. ही दोन एकमेकांपासून सोडवून 'दुखापत नसती तर' असा हिशेब मांडता येत नाही.

मीठभाकर

म्हणजे चूक त्याचीच? हे मला पटत नाही. त्याच्या हेल्मेटला कान झाकणारी पट्टी नव्हती. त्या काळी कोणी ती मागतही नव्हतं. हेल्मेटच सक्तीचं झालं १९७१ मध्ये आणि कानपट्टी नव्या खेळाडूंना बंधनकारक झाली १९८३ मध्ये. सोळा वर्षं! एका मुलाचा डोळा गेलेला सगळ्या देशाने बघितला, तरी नियम यायला सोळा वर्षं लागली. मला हळहळ याची वाटते. राग येतो खरं तर.

हॅमिल्टनबद्दलही कोणी लिहा. तो दुसऱ्या दिवशी इस्पितळात भेटायला गेला, तर घरच्यांखेरीज कोणाला सोडत नव्हते, म्हणून परत फिरला. मुद्दाम मारला नाही असं तो आयुष्यभर सांगत राहिला. त्या डावात कुणीतरी मैदानात धुराचा गोळा फेकल्याने खेळ काही मिनिटं थांबला होता, त्यानंतरची ही गोष्ट. माझा त्याच्यावर विश्वास आहे.

क्रिकेटवेडी

वाचताना सारखे नरी कॉन्ट्रॅक्टर आठवत होते. मार्च १९६२, बार्बाडोस, चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला. आपला कर्णधार मृत्यूच्या दारात. रक्त द्यायला वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले, आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही होते. कॉन्ट्रॅक्टर बरे झाले, पुन्हा प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले, पण कसोटीत त्यांना परत घेतलं नाही. आपल्याकडे त्यांचं नाव निघालं की फक्त तो चेंडू निघतो. परत पॅड बांधून उभे राहिले तो दिवस कोणाच्या तोंडी नसतो. म्हणून मी फेनवेकरांच्या बाजूने.

आकडेमोड

क्रिकेटवेडी, उदाहरण चांगलं आहे, पण त्यातून माझंच म्हणणं निघतं. कसोटी खेळायला मिळालीच नाही, हीच तर हानी! ती 'झाली' म्हणायलाही बंदी का?

जुना_बॉस्टनवासी

उशिरा लिहितोय. दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट सुटली. १९७० चा तो मोसम संपला आणि ऑक्टोबरमध्ये रेड सॉक्सने त्याला खेळाडूंच्या अदलाबदलीत देऊन टाकलं. ३६ होमरन मारणाऱ्याला! तेही एंजल्सला, ज्यांच्या पिचरचा चेंडू त्याला लागला होता. गावचा पोरगा, धाकटा भाऊ बिली त्याच संघात, आणि याला पाठवलं देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे नजर पुन्हा खालावली. ७४ सामने, ४ होमरन, आणि १९७१ च्या मध्यातच त्याने खेळ सोडला. मला चेंडूपेक्षा हा व्यवहार जास्त लागतो. चेंडू अपघात होता.

आकडेमोड, तुम्ही आरनचं नाव काढलंत म्हणून सांगतो. ८ एप्रिल १९७५ ला मी दोघांना एकाच मैदानावर बघितलंय. मी इथे शिकायला येऊन वर्षही झालं नव्हतं, बेसबॉल धड कळत नव्हता. आरन पहिल्यांदाच मिलवॉकी ब्रुअर्स या संघाच्या कपड्यांत उतरला होता आणि टोनी साडेतीन वर्षांनी परत आला होता. मला वाटलं गर्दी आरनसाठी आहे. टोनी बॅट घेऊन निघाला आणि सगळं फेनवे उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात.

आकडेमोड

त्या वर्षी तो २१ सामने खेळला, सरासरी .१२३, म्हणजे आठेक प्रयत्नांत एखादाच यशस्वी फटका. पुढे १९८२ मध्ये, सदतीस पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असताना, हृदयविकाराचा झटका आला, मेंदूला इजा झाली आणि आठ वर्षं अंथरुणावर काढून १९९० मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. मी माझं म्हणणं सोडत नाही. यात जे हरवलं ते फार मोठं होतं. पण जुना_बॉस्टनवासी, एक विचारतो. त्या दिवशी लोक कशासाठी उभे राहिले होते? जे गेलं त्यासाठी, की जो परत आला त्याच्यासाठी?

जुना_बॉस्टनवासी

ते मी कसं सांगू? माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, मांडीवर स्कोअरकार्ड, हातात पेन्सिल. प्रत्येक बॅटर झाला की मला समजावून सांगत खूण करायचे. टोनीने सिंगल मारला, पहिल्या बेसवर पोचला. त्यांना टाळ्या आवरेनात, म्हणून पेन्सिल माझ्या हातात दिली. त्या चौकटीतली खूण माझ्या हातची आहे.