साठीनंतर डांबर, सडा आणि पुळण, तिन्हीला चालेल अशी एकच सायकल कुठली?

गडग्यावरचा:
नमस्कार मंडळी, वय ६३, मुक्काम दापोली, उजवा गुडघा मधूनमधून कुरकुरतो. आठवड्यातून तीनचारदा सकाळी आसूदवरून खाली मुरूडला उतरतो, ओहोटी असली तर पुळणीवर एक चक्कर आणि मग परत तोच चढ. कधी सड्यावरचा जांभ्याचा कच्चा रस्ता पण असतो. सध्या मुलाची जुनी २१ गिअरची एमटीबी (डोंगरी सायकल) आहे, २६ इंची चाक, पुढे शॉकअप, चढाला अक्षरशः जीव जातो. त्यात गेल्या महिन्यात चढून बसताना पाय कॅरियरवरच्या पिशवीला अडकला आणि सायकलीसकट गडग्यावर, कोपर सोललं. दुकानदार म्हणतो ग्रॅव्हल (वाकड्या हँडलची, कच्च्या रस्त्याला चालणारी) घ्या, मुलगा म्हणतो इलेक्ट्रिक, बायको म्हणते चालत जा. काय करू? बजेट ४० हजार.

चेनला_तेल:
काका हायब्रिड घ्या, म्हणजे रेसर आणि एमटीबीच्या मधली, सरळ हँडलची. ७०० चं चाक, तुमच्या २६ इंचीपेक्षा मोठं, टायर ४० मिमीचा बसेल एवढी जागा बघून. शॉकअप नकोच, स्वस्तातला असला की नुसतं वजन, आणि चढाला तुम्ही जोर लावणार तो आधी दाबण्यात जाणार. खडीचे धक्के जाड टायरात हवा जरा कमी ठेवली की निम्मे कमी होतात. पण दुकानात गिअर किती ते विचारू नका, दाते मोजा. पुढची सगळ्यात लहान चक्री मागच्या सगळ्यात मोठीपेक्षा लहान पाहिजे, पुढे २८ मागे ३४ असलं काहीतरी. तुमच्या आत्ताच्या सायकलीचे किती आहेत?

खाली_वाका:
ग्रॅव्हल वाईट नाही हो, मी ५५ चा आहे, चालवतो. पण वाकडं हँडल, मान आखडते, आणि या बजेटमधे ओढाताण होईल. सरळ हँडलच बरं.

वेंगुर्ल्याची:
दादा, सगळे गिअरवर बोलतायत, तुम्ही पडलात ते चढून बसताना ना? मग दांडी खाली असलेली सायकल घ्या की. लेडीज सायकल म्हणून लोक हसतील ही भीती असेल तर सोडा, माझे मिस्टर ६८ चे, माझीच पळवतात. आणि पुळणीवर नेलीत की घरी आल्याआल्या गोड्या पाण्याने धुवायची, चेन पुसून तेल द्यायचं, नाहीतर दोन दिवसात तांबूस. आमच्याकडे तर नुसत्या खाऱ्या वाऱ्यानेच गंजते. पाइपाने जोरात पाणी मात्र मारू नका, बेअरिंगातलं ग्रीस जातं.

गडग्यावरचा:
चेनला_तेल, चष्मा लावून मोजले. पुढे ४२, ३४, २४. मागे मोठी २८. पण एक गंमत, चेन २४ वर कधी जातच नाही, मी समजत होतो ती चक्री शोभेला आहे.

चेनला_तेल:
काका!! म्हणजे इतके महिने तुम्ही ३४ वर आसूद चढताय. त्यात पायडलच्या एका फेऱ्याला सायकल अडीच मीटर पुढे जाते, २४ वर पावणेदोन. गुडघा ओरडणार नाही तर काय. डाव्या शिफ्टरची, म्हणजे पुढचे गिअर बदलायच्या खटक्याची, केबल गंजून बसली असणार, आधी ती बदला, मग खरेदीचं बोलू.

गडग्यावरचा:
केबलच होती. बाहेरचं आवरण सोललं तर आत नुसता तांबडा भुगा. नवीन टाकली, मेकॅनिकने हसत हसत शंभर रुपये घेतले. आज सकाळी आसूद चढताना सायकलवरून एकदाच उतरलो, तेही म्हशी आडव्या आल्या म्हणून. वेळ मात्र जास्त लागला, पाय गरागरा फिरतात आणि सायकल गोगलगायीसारखी. चालेल, मला कुठे कामावर जायचंय.

पिशवीचा प्रश्न राहिलाच आहे. ताई, मिस्टरांची, म्हणजे तुमची, सायकल कुठली ते सांगा, रविवारी खेडला दुकानात जाणारे.