लोहगाव विमानतळ : टर्मिनल झाले, आता दारापुढचे पाहा

विमाननगरवासी (धागाकर्ता)

पुण्याच्या विमानतळाचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक तर नव्या टर्मिनलचे कौतुक होते, नाही तर ‘पुरंदरचा नवा विमानतळ कधी होणार’ असे विचारले जाते. टर्मिनलच्या दारापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या जागेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते लोहगावचे खरे दुखणे सध्या तिथेच आहे.

नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले आणि तिथून उड्डाणे सुरू व्हायला १४ जुलै उजाडला. पन्नास हजार चौरस मीटरहून मोठी असलेली ही इमारत वर्षाला सुमारे ९० लाख प्रवाशांसाठी आखलेली आहे. पुण्याची वार्षिक प्रवासीसंख्या २०२४-२५ मध्ये एक कोटीच्या पुढे गेली. जुनी इमारत जोडीला धरून आत कसेबसे भागेलही. पण बाहेरचा रस्ता, नागपूर चाळीकडून येणारी वाहतूक आणि ५०९ चौकातली कोंडी यांत त्या मानाने काहीच फरक पडलेला नाही.

एक साधा हिशेब मांडतो. आपल्याकडे येणाऱ्या नेहमीच्या विमानात सुमारे १८० आसने असतात. अर्ध्या तासात अशी चार विमाने भरून उतरली, तर सातशेच्या आसपास माणसे बाहेर पडतात. एका गाडीत दोन माणसे धरली तरी अर्ध्या तासात साडेतीनशे गाड्या, म्हणजे मिनिटाला जवळजवळ बारा गाड्या दारापाशी यायला हव्यात. प्रत्येक गाडी बॅगा भरायला तीनच मिनिटे थांबली, तरी एका वेळी छत्तीस गाड्यांपुरती कडेची जागा लागते, आणि सोडायला येणाऱ्यांचा हिशेब यात अजून धरलेलाच नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेले एरोमॉल हे बहुमजली वाहनतळ सुमारे हजार गाड्यांचे आहे आणि टर्मिनलला पादचारी पुलाने जोडलेले आहे. त्याने गाड्या ठेवण्याची सोय झाली, हे मी नाकारत नाही. परंतु लोहगावला गाडी चार दिवस ठेवून जाणाऱ्यांपेक्षा चार मिनिटांसाठी येणारे अधिक आहेत. ॲपवरच्या टॅक्सीसाठी प्रवाशाला सामानासह पूल ओलांडून तिथवर जावे लागते, आणि रात्री उशिरा तिथे उभे राहिले की चहूकडून एकच संवाद ऐकू येतो : ‘दादा, मी लिफ्टसमोर आहे.’ ‘कुठल्या लिफ्टसमोर, मॅडम?’ गुडघेदुखीचे आजोबा आणि कडेवर मूल घेतलेली आई यांच्यासाठी हे अंतर नकाशात दिसते तेवढे लहान नसते.

म्हणून माझे म्हणणे असे की लोहगावावर यापुढे जो खर्च होईल, तो आधी दाराबाहेर व्हावा. शहरात जाणाऱ्या बसला दारालगतची पहिली जागा मिळावी, वृद्ध आणि अपंग प्रवाशांना न्यायला येणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी रांग असावी, आणि विमानतळाला रस्त्याची दुसरी वाट मिळावी. याला विरोध असणाऱ्यांनी कारणे द्यावीत.

पूर्वमुखी

मी विरोध नोंदवतो. आपला हिशेब बरोबर आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. १९३९ मध्ये तो ब्रिटिशांनी उभारला आणि आजही धावपट्टी, हवाई वाहतूक नियंत्रण आणि आजूबाजूची बहुतेक जमीन हवाई दलाकडेच आहे. नागरी विमानतळ हा त्या तळावरचा एक कोपरा आहे. भाड्याच्या खोलीत आपण किती कपाटे करून घ्यायची, याला काही मर्यादा असावी. पाचपन्नास कोटी दाराबाहेर घातले की दहा वर्षे पुरंदरचे नाव काढायला नको, असे राज्यकर्त्यांना वाटू लागते, आणि मला हीच भीती सर्वांत अधिक वाटते. पुण्याच्या खासदारांकडेच नागरी हवाई वाहतूक खात्याचे राज्यमंत्रिपद असण्याचा योग वारंवार येत नाही. तो रांगा आखण्यात घालवू नये.

दहा-अठ्ठावीस

हवाई दलात नोकरी केली असल्यामुळे दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. (माझे टोपणनाव हे लोहगावच्या धावपट्टीचे नाव आहे.)

पहिली गोष्ट अशी की दारातली गर्दी दारात तयार होत नाही, ती धावपट्टीवर तयार होते. लोहगावला सुखोई विमाने आहेत आणि दिवसातले काही तास लष्करी उड्डाणांसाठी राखून ठेवावे लागतात. त्यामुळे नागरी विमाने उरलेल्या वेळात दाटीवाटीने बसवली जातात. एखाद्या निव्वळ नागरी विमानतळावर तेवढीच विमाने दिवसभर विखुरलेली असती, तर धागाकर्त्यांनी सांगितलेली चार विमानांची गाठ इतक्या वारंवार पडली नसती. वर्षाच्या एकूण प्रवासीसंख्येला बारा महिन्यांनी आणि तीस दिवसांनी भागून वाहनतळ आखणारा माणूस इथे फसतो, कारण त्या सरासरीइतके प्रवासी प्रत्यक्षात कोणत्याच तासाला येत नाहीत.

दुसरी गोष्ट धावपट्टीच्या लांबीची. ती २,५३५ मीटर आहे आणि तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. उंचीवर आणि उन्हाळ्याच्या दुपारी हवा विरळ असते, विमानाला उचल कमी मिळते, म्हणून एक तर धावपट्टी लांब हवी किंवा वजन कमी हवे. मोठ्या विमानाने पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी घेऊन इथून थेट युरोप गाठणे त्यामुळे अवघड आहे. २००८ मध्ये लुफ्तान्साने फ्रँकफर्टची सेवा सुरू केली तीही मोजक्या आसनांच्या लहान विमानाने. धावपट्टी वाढवण्याचा प्रस्ताव आहे, परंतु त्यासाठी लगतची जमीन लागते आणि तळाला खेटून वस्ती किती झाली आहे हे विमाननगरवासींना मी सांगायला नको. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये नुसत्या डागडुजीसाठी १६ ते २९ तारखेपर्यंत विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला होता, आणि त्याआधी वर्षभर रात्रीची उड्डाणे बंद होती. धावपट्टी एकच असली की तिच्या दुरुस्तीसाठी सगळेच थांबवावे लागते.

यातून पूर्वमुखींची बाजू बळकट होते, असे त्यांना वाटेल. मला तसे वाटत नाही. विमानांच्या वेळा बदलणे आपल्या हातात नसेल, तर त्या वेळांची गर्दी पोटात घेण्याची सोय दाराबाहेरच करावी लागेल.

कऱ्हाकाठ

वर ‘पुरंदर करून टाका’ असा जो सूर लागला आहे, त्यावर त्या मातीतला माणूस म्हणून लिहितो. ही योजना २०१६ मध्ये जाहीर झाली. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही त्यासाठी जमीन जाणारी सात गावे. त्याच वर्षी पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले, हा योगायोग आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी करायला माणसे आली, तेव्हा गावकरी आणि पोलीस समोरासमोर उभे ठाकले. संपादनाचे क्षेत्र नंतर कमी करून सुमारे तीन हजार एकरांवर आणले, आणि मोबदल्याचे आकडे ऐकून काहींनी संमतीही दिली. मी त्यांना दोष देत नाही, कारण भाऊबंदकीतल्या तीन एकरांवर चार कुटुंबे जगवणे सोपे नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. शहरातल्या माणसाला टॅक्सीसाठी पूल ओलांडावा लागतो, म्हणून अंजिराची आणि सीताफळाची बाग मोडा, असे म्हणण्यापूर्वी जे हातात आहे ते नीट चालवून दाखवण्याचे बंधन शहरावर आहे की नाही? लोहगावची बस, रस्ता आणि वाहनतळ ज्यांना धड लावता येत नाही, ते सासवडच्या पलीकडे कोट्यवधी प्रवाशांचा विमानतळ लावतील, यावर आम्ही कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा? दिवे घाटातून विमान गाठायला निघालेल्या पुणेकराचे काय होईल, याचाही विचार पूर्वमुखींनी केला असेलच.

पूर्वमुखी

कऱ्हाकाठ, तुमचा राग मी समजू शकतो, आणि घाटाच्या रस्त्याविषयी तुम्ही म्हणता ते खरेच आहे. रस्ता आधी आणि विमानतळ नंतर, असाच क्रम हवा. पण काळाचा हिशेब पाहा. नवी मुंबईच्या विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, आणि पायाभरणीच्या आधीची वर्षे जमीन, खारफुटी व पुनर्वसन यांत गेली. पुण्यासाठी आधी चाकण-खेडचे नाव होते, ते मागे पडले आणि मग पुरंदर आले. आज जमीन हातात आली तरी विमान उडायला बरीच वर्षे लागतील. म्हणून घाई करा असे मी म्हणतो, बागा मोडण्यात मला आनंद आहे म्हणून नव्हे.

विमाननगरवासी

पूर्वमुखी, आपण स्वतःच माझे वकीलपत्र घेतलेत. जर ‘बरीच वर्षे’ लागणार असतील, तर तोवर दरवर्षी एक कोटी माणसांनी काय करायचे? पुरंदरचा आग्रह धरताना लोहगावची गैरसोय मुद्दाम तशीच ठेवायची, म्हणजे रेटा कायम राहील, हा युक्तिवाद मला क्रूर वाटतो.

मेट्रोचे उदाहरण घ्या. ६ मार्च २०२४ रोजी मेट्रो रामवाडीपर्यंत आली. रामवाडीहून विमानतळ जवळ आहे, आणि पुढचा मंजूर झालेला मार्ग नगर रस्त्याने वाघोलीकडे जातो. तो विमानतळाकडे वळत नाही. म्हणजे रामवाडी ते टर्मिनल हा तुकडा बसनेच भरून काढावा लागणार. बस आहे, पण तिची वाट पाहण्याची जागा, बॅग ठेवायला बसमधली मोकळी जागा आणि पुढची बस कधी येणार हे सांगणारा फलक यांतले काय किती आहे, ते एकदा बाहेर पडताना पाहावे. या कामांना कोणाची बाग लागत नाही आणि हवाई दलाची धावपट्टीही लागत नाही.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितो. दाबोळीचा विमानतळही असाच, नौदलाच्या तळावरचा. मोपाच्या नव्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली, तेव्हा दोन्ही विमानतळ सुखाने नांदतील असे आम्हाला सांगितले गेले. पुढे काही कंपन्यांनी दाबोळी सोडून मोपा धरले, कतार एअरवेज त्यांतली एक. दक्षिण गोव्यातले टॅक्सीवाले आणि हॉटेलवाले तेव्हापासून धास्तावलेले आहेत. आमच्याकडून शिकायचेच असेल तर एवढे शिकावे की नवा विमानतळ झाल्यावर जुन्याचे काय करणार, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. पुण्यात त्याविषयी कोणी बोलताना मला दिसले नाही.

हिशेबी

इतका वेळ कोणी पैशांचे नाव काढले नाही, म्हणून लिहितो. धागाकर्त्यांच्या छत्तीस गाड्यांच्या हिशेबात एक गृहीतक लपलेले आहे, ते म्हणजे दोन माणसांमागे एक गाडी येणारच. ती का यावी? सिंगापूरहून एक मुलगा येतो आणि त्याला आणायला दोन गाड्यांतून सात माणसे येतात, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी ते घडवलेही आहे. (मी घडवले आहे, आणि परतताना एक गाडी रिकामीच आली.) दारालगतची जागा ही विमानतळावरची सर्वांत महाग जागा आहे. पहिली काही मिनिटे सोडून तिचे दर चढते ठेवा, आणि ते पैसे बसला द्या. रस्ता रुंद केला, तर दोन वर्षांत तोही भरेल.

विमाननगरवासी

दर वाढवायला माझी हरकत नाही, पण क्रम उलटा नको. आधी बस दारात आणावी, मग गाडीचा दर वाढवावा. आजची व्यवस्था अशी आहे की खासगी गाडीतून आलेला माणूस दारापर्यंत येतो आणि टॅक्सी करणारा पूल चढतो. स्वतःची गाडी न आणल्याबद्दलचा हा दंडच झाला. आपल्या योजनेत ज्याच्या खिशात पैसे आहेत तो दारात थांबेल आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला बसही मिळणार नाही, असे होऊ नये.

हिशेबी

टॅक्सीला दारापासून दूर ठेवणे चूक आहे, हे मान्य. एका गाडीतून दिवसभरात पंधरा प्रवासी जात असतील, तर तिला घरच्या गाडीपेक्षा आधी जागा मिळावी. बसविषयी मात्र मी साशंक आहे. मेट्रो रात्री अकराच्या सुमारास बंद होते आणि पुण्यात उतरणारी कितीतरी विमाने त्यानंतरची आहेत. रात्री एक वाजता दोन बॅगा घेऊन कोथरूडला निघालेला माणूस रामवाडीपर्यंतच्या बसमध्ये कशाला चढेल? त्याला थेट स्वारगेट, कोथरूड आणि निगडीपर्यंत नेणारी रात्रीची बस हवी. ती बस तोट्यात चालेल, हे आधीच मान्य करून तो तोटा वाहनतळाच्या उत्पन्नातून भरायला विमानतळ प्राधिकरण आणि शहरातली बस चालवणारी पीएमपी एकत्र बसणार असतील, तर धागाकर्त्यांच्या मागणीवर मीही सही करीन. तसे नसेल, तर दारालगतची पहिली जागा आपण एका रिकाम्या बससाठी अडवून ठेवत आहोत.

दहा-अठ्ठावीस

हिशेबी, सहीचा कागद काढाच. फक्त त्यात आणखी एक ओळ घाला : विमानांच्या वेळा ठरताना त्या अर्ध्या तासाच्या गाठी किती पडतात, हे पीएमपीला आणि वाहतूक पोलिसांना उन्हाळी व हिवाळी वेळापत्रकाआधी कळवले जावे. ही माहिती गोपनीय नसते, विमान कंपन्या तिकिटे विकतात तेव्हा ती जगजाहीरच असते. पण ५०९ चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला ती हॉर्नच्या आवाजावरून ओळखावी लागते.