मदत हवी आहे: आजोबांच्या छापखान्यातले ठसे मातीच्या बशांवर कसे उमटवावेत?

नमस्कार. पोस्ट लांब होईल, पण आतापर्यंत काय काय करून बघितलं ते सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

माझ्या आजोबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा, नारायण पेठेत छोटा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन (पायाने चालवायचं छपाईयंत्र), एक कटिंग मशीन आणि भिंतीला लावलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, केसेस. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, गणेशोत्सवाचे कार्यक्रम असं काम असायचं. ऑफसेट आल्यावर कामं कमी होत गेली आणि नव्वदच्या दशकात छापखाना बंद झाला. मशीन भंगारात गेलं, पण आजीने दोन केस खिळे आणि पेटीभर चित्रांचे ब्लॉक कुणाला दिले नाहीत. ते आता माझ्याकडे आले आहेत. त्यात गणपती, कलश, मोर, केळीचे खांब, हार घेतलेले वधूवर आणि तीन आकारांतलं ॥ श्री ॥ आहे.

कॉलेजात असताना मी लिनोकट आणि वुडकट केलं आहे. गेली दोन वर्षं शनिवार-रविवार कोथरूडमधल्या एका स्टुडिओत मातीकाम करते. दसऱ्याच्या सुमारास आईची पंचाहत्तरी आहे. शाळा सुटली की ती छापखान्यात जाऊन पत्रिकांच्या घड्या घालत बसायची, वाळत घातलेल्या पत्रिका उचलायची. तिच्यासाठी सहा बशा आणि सहा कप करायचे आहेत. ते शोकेसमध्ये ठेवायला नकोत, रोज वापरात यावेत अशी फार इच्छा आहे.

माती स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची), बिस्क म्हणजे पहिली भाजणी ९५० अंशांना, ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा थर १२२० ला, भट्टी इलेक्ट्रिक.

आतापर्यंतचे प्रयत्न असे.

पहिल्यांदा घरात शिल्लक असलेली छपाईची काळी शाई रोलरने ब्लॉकला लावली आणि मातीच्या ओलसर स्लॅबवर (लाटलेल्या पोळीवर) छापलं. मोर इतका सुरेख उठला की मी फोटो काढून आईला सोडून सगळ्यांना पाठवले. बिस्कमधून बशी बाहेर आली ती कोरी. मोराचा मागमूस नाही.

दुसऱ्यांदा जवसाच्या तेलात काळा स्टेन (भट्टीत टिकणारा रंग) आणि थोडा गेरू घोटून शाई केली, टिश्यू पेपरवर छापली आणि तो कागद लेदर हार्ड, म्हणजे अर्धवट वाळलेल्या, मातीवर पालथा घालून चमच्याने घासला. रंग टिकला, पण सगळं उलटं आलं. 'शुभविवाह' आरशात वाचावं लागतं आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला! आमच्या घरात उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक मानतात, त्यामुळे ती बशी आईला द्यायचा प्रश्नच नाही.

तिसऱ्यांदा बिस्क झालेला कप शाई लावलेल्या ब्लॉकवरून सरळ फिरवला. आता दिशा बरोबर होती. वरून पारदर्शक ग्लेझ दिलं आणि भट्टीत घातला. बाहेर आला तेव्हा जिथे जिथे शाई होती तिथून ग्लेझ मागे सरकून त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि रेषांच्या जागी उघडी माती दिसत होती.

आता वाटतं आहे की शाईच्या मागे न लागता खिळेच मातीत दाबावेत. काल आईच्या नावाचे खिळे जुळवून, दोऱ्याने बांधून एका तुकड्यावर दाबून पाहिले. रफारही स्वच्छ उठला. ठसे वाचायला इतके छान वाटतात की डोळे भरून आले. हेच पुढे न्यावं का? खिळ्यांवर पांढरी पूड जमली होती, ती ब्रशने झटकली आहे.

खिळेजुळारी

ताई, आधी थांबा. तो तुकडा भट्टीत घालू नका.

मी पंचवीस वर्षं जुळारी, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारा, म्हणून काम केलं आहे. खिळे शिशाचे असतात, त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेलं असतं. तुम्ही झटकलेली पांढरी पूड ही शिशाचीच, हवा आणि ओल लागून तयार झालेली. ती श्वासातून किंवा हाताने तोंडात जायला नको. आता जिथे झटकली ती जागा ओल्या फडक्याने पुसा, झाडू किंवा फुंकर मारू नका, आणि फडकं टाकून द्या. खिळे हाताळताना हातमोजे घाला, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम घरात करूच नका. आमच्या काळात कुणी सांगत नसे, आम्ही त्याच हातांनी डबा खायचो.

खिळ्याचा शिशाचा कण मातीत राहिला तर तो ग्लेझमध्ये विरघळेल. मग ताक, चिंच, लिंबाचं लोणचं अशा आंबट पदार्थात तो हळूहळू उतरत राहणार. आईसाठी रोजची बशी करताय ना? मग खिळा मातीला लागता कामा नये.

तुमच्या आजोबांचा छापखाना कुठला हे विचारत नाही, पण त्या पेठेत आम्ही पुष्कळजण एकमेकांचे खिळे उसने नेत असू. त्या केसेस जपून ठेवल्यात, फार बरं वाटलं.

मातीत_हात

वरच्या काकांनी सांगितलं ते आधी करा. त्यात एक भर: तो तुकडा स्टुडिओच्या रिक्लेमच्या (उरलेली माती पुन्हा वापरायच्या) बादलीत टाकू नका. पुढच्या सगळ्यांच्या कामात ती माती जाईल.

आता तुमचे तिन्ही प्रयत्न का फसले ते बघू.

छपाईच्या काळ्या शाईतला काळा रंग म्हणजे काजळी, शुद्ध कार्बन. भट्टीत हवा खेळती असेल तर तो जळून जातो. मोर नाहीसा झाला तो म्हणून. मातीवर टिकतात ते धातूंचे ऑक्साइड: लोह, कोबाल्ट, मँगनीज, किंवा त्यांच्यापासून केलेले स्टेन. तुमचा गेरू म्हणजे लोहच.

उलटं का आलं? ब्लॉकवर सगळं उलटं असतं, कागदावर छापलं की सरळ होतं. तो कागद मातीवर पालथा घातलात की पुन्हा उलटं. आपल्याकडे जुन्या घरांत निळ्या नक्षीच्या बशा असायच्या ना, त्या मूळ इंग्लंडमधल्या पद्धतीने अशाच कागदावरून मातीवर उतरवलेल्या. लिव्हरपूलमध्ये १७५६ साली सॅडलर आणि ग्रीन या दोघांनी सहा तासांत बाराशेहून जास्त फरश्या छापल्याचं शपथेवर नोंदवलं आहे. नंतर तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरून ती पातळ कागदावर छापत आणि कागद भांड्यावर घासून काढत. पत्र्यावरून कागद, कागदावरून भांडं अशा दोन पलट्या होत असल्यामुळे पत्र्यावर अक्षरं सरळच कोरलेली असत. तुमचे ब्लॉक कागदावर छापण्यासाठी बनवले आहेत, त्यांच्या हिशेबात पलटी एकच. त्यामुळे टिश्यूची पद्धत त्यांना चालणार नाही. लिनो कोरायचा असेल तर मात्र टिश्यूसाठी अक्षरं सरळ कोरा, हात मोकळा चालतो.

ग्लेझ सरकलं त्याला कारण तेल. बिस्कवर तेलकट शाई असताना ग्लेझ लावलं की ते तिथे चिकटत नाही, तापलं की आकसतं. छापल्यावर तेल जाळण्यासाठी पुन्हा एकदा ९०० च्या आसपास भाजून मग ग्लेझ द्यायला हवं होतं. रंगाचा थर जाड असला आणि त्यात काचेचा अंश नसला तरी असंच होतं, म्हणून मी स्टेनच्या दोन भागांना एक भाग पारदर्शक ग्लेझची भुकटी घालते. तेलाऐवजी ग्लिसरीन आणि डिंकाच्या पाण्यात घोटलं तर धुवायलाही सोपं जातं.

पण तुमच्या कामाला मी छपाई सुचवणारच नाही. जस्ताचे ब्लॉक मातीत दाबा आणि खाचेत काळी स्लिप (पातळ कालवलेली माती) भरा. कोरियात बाराव्या शतकात गोर्यो काळातल्या हिरव्या भांड्यांवर असंच खाचेत पांढरी-काळी माती भरायचे, त्याला सांगगाम म्हणतात. जपानी नाव मिशिमा, स्टुडिओत हेच नाव ऐकलं असेल. दाबलेला ठसा एकदाच पलटतो, म्हणजे सोंड डावीकडेच राहील. वर तेल नाही, ग्लेझ सरकायची भीती नाही.

स्लॅब लाटून झाल्या झाल्या, माती मऊ असताना दाबायचं. लेदर हार्ड झाल्यावर दाबलं तर कडा फुटतात. ब्लॉकवर कॉर्नफ्लॉरची पुरचुंडी हलकेच आपटा, चिकटणार नाही, आणि पीठ भट्टीत जळून जातं. ठसा दीड मिलिमीटर खोल असला की पुरे. स्लिप तुमच्याच मातीची करा, म्हणजे आकसणं सारखं राहील, सुक्या मातीच्या वजनाच्या दहा टक्के काळा स्टेन घाला. खाचेत भरून तासभर थांबा, मग लोखंडी पट्टीने वरचा थर अलगद खरवडा. पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपर मारायचा मोह टाळा, त्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या स्पंजने पुसलं तरी काम होतं.

पेठेतली (धागाकर्ती)

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. काल रात्रीच सगळी जागा पुसून घेतली, तुकडा पिशवीत बांधून वेगळा ठेवला आहे. आईला अजून काहीच सांगितलेलं नाही.

दोन प्रश्न राहिले. ब्लॉक जस्ताचेच आहेत हे कसं ओळखू? सगळे लाकडावर बसवलेले आहेत, पण दोनतीन जरा जड लागतात. आणि अक्षरांचं काय? आईचं नाव आजोबांच्या खिळ्यांतून यावं असं फार मनात आहे.

खिळेजुळारी

जड लागतात ते स्टिरिओ असतील. मूळ ब्लॉकवरून शिशात ओतून घेतलेली नक्कल, एकच चित्र बऱ्याच छापखान्यांना लागायचं म्हणून करून घेत. पांढऱ्या कागदावर कोपरा ओढून बघा. शिशाने पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. जस्त कडक असतं, चारी बाजूंनी बारीक खिळ्यांनी लाकडाला ठोकलेलं असतं आणि आम्लाने भोवतालचा भाग खाल्लेला असल्यामुळे रेषांच्या कडा धारदार लागतात. शंका आली तो ब्लॉक बाजूला ठेवा.

अक्षरांसाठी एक वाट आहे. खिळे जुळवून कागदावर प्रूफ काढा. आर्ट पेपरवर, थोडीच शाई लावून, सावकाश. मशीन नाही, तर वेगळं लाटणं घ्या, स्वयंपाकघरातलं नको. ते प्रूफ स्कॅन करून अप्पा बळवंत चौकात कुठल्याही रबर स्टॅम्पवाल्याकडे द्या. तो आपण होऊनच उलटं करतो, तुम्ही आधी उलटं करून देऊ नका. खोल कोरीव हवं म्हणून सांगा, नेहमीचा स्टॅम्प उथळ असतो. अक्षरं आजोबांचीच राहतील, वळण तेच, झिजलेली कडाही तीच. मातीला लागेल ते रबर.

मातीत_हात

उत्तम उपाय. फक्त आकाराकडे लक्ष द्या. आपली स्टोनवेअर माती ओल्यापासून भाजेपर्यंत साधारण बारा टक्के आकसते. बारा पॉइंटचं अक्षर सव्वाचार मिलिमीटरचं, ते पावणेचारच्या खाली जाणार आणि वेलांटीच्या पोटात ग्लेझ भरून बसणार. चोवीस पॉइंटाच्या खाली जाऊ नका, आणि स्कॅन ११४ टक्के मोठा करून स्टॅम्पला द्या म्हणजे भाजून मूळ मापावर येईल. बशीत अक्षरं मधल्या सपाट भागातच दाबा, साच्यावर कडा वळवताना माती ताणली जाते आणि मात्रा तिरक्या होतात. कपासाठी आधी मातीच्या पट्टीवर ठसे घेऊन मग ती गुंडाळा, जोड अक्षरांपासून लांब येऊ द्या. ग्लेझ पातळ ठेवा.

आणि वापरायचीच भांडी आहेत, तर मन स्वस्थ व्हावं म्हणून सगळी झाल्यावर एक कप प्रयोगशाळेत देऊन बघा. चार टक्के अॅसेटिक आम्ल चोवीस तास ठेवून त्यात शिसं, कॅडमियम किती उतरलं ते मोजतात. पूड उडाली होती असं तुम्हीच म्हणालात, म्हणून सुचवते.

सोवळ्यातली

मातीतलं मला काही कळत नाही, पण एक गोष्ट बोलते, राग मानू नका. गणपती आणि ॥ श्री ॥ जेवणाच्या बशीत नको. वर आमटी, भात, उष्टं पडणार, घासणीने घासलं जाणार. तुमच्या आई पंचाहत्तरीच्या, त्यांना ते खटकेल आणि त्या बोलणार नाहीत, फक्त बशी वापरणार नाहीत. मोर, केळीचे खांब बशीत शोभतील. गणपतीची वेगळी छोटी फरशी करा, दाराशी लावता येईल.

पेठेतली

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि तुम्ही अगदी बरोबर बोललात. आई तशीच आहे. गणपती फरशीवर, ठरलं.

तीन आठवड्यांनंतर लिहिते आहे. कागदावर ओढून बघितल्यावर कलश आणि वधूवर शिशाचे निघाले, ते बांधून ठेवले. मोर आणि केळीचे खांब जस्ताचे. मोराची पहिली बशी काल बिस्कमधून आली: पिसाऱ्यातली डोळ्यांची वर्तुळं एकूण एक भरली आहेत, फक्त चोचीजवळ मी जास्त खरवडलं. स्टॅम्पवाल्याने आईचं नाव दोन मिलिमीटर खोल करून दिलं. प्रूफ काढताना शेवटच्या अक्षराची वेलांटी जराशी तुटलेली निघाली. बदलायला दुसरा खिळा होता, पण नाही बदलला. आजोबांच्या बऱ्याच पत्रिकांत तीच तुटकी वेलांटी दिसते, आईच्या लग्नपत्रिकेतही.

आता अडचण हवेची आहे. भाद्रपद लागला तरी पाऊस थांबत नाही आणि स्लॅब पाचव्या दिवशीही थंड लागतात. फळ्यांमध्ये दाबून ठेवल्या तर बुरशीचे ठिपके येतात, उघड्या ठेवल्या तर कडा उचलतात. सहापैकी दोन बशा डुगडुगतात. दसऱ्याला पाच आठवडे उरले आहेत. या हवेत बशा सपाट वाळवायला तुम्ही काय करता?

मातीत_हात

फळ्या लाकडी वापरू नका, जिप्सम बोर्डचे तुकडे घ्या, ते ओल शोषतात. दोन बोर्डांमध्ये बशी, मध्ये वर्तमानपत्र, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही कागद बदला. कडांवर प्लास्टिकची पट्टी ठेवा, मधला भाग उघडा, म्हणजे कडा आधी वाळणार नाहीत. डुगडुगणाऱ्या दोन बशा भाजू नका. अजून बिस्क झाल्या नाहीत तर पाण्यात विरघळवून पुन्हा लाटा, वेळ आहे.