पारुळकरांचं पलायन: शौर्य की सोबत्यांच्या जिवाशी खेळ?

कट्टेकरी (धागाकर्ता)
परवा कट्ट्यावर 1971 च्या भारत-पाक युद्धातले आपले वैमानिक, ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकरांचा विषय निघाला. चहा गार झाला तरी वाद मिटेना, म्हणून इथे टाकतोय.

10 डिसेंबर 1971 ला त्यांचं सुखोई-7 लढाऊ विमान पडलं आणि ते पाकिस्तानात रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत कैद झाले. पुढच्या वर्षी 12 ऑगस्टच्या रात्री ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबतच्या कैदी वैमानिकांबरोबर भिंतीला पाडलेल्या भोकातून ते निसटले. बाहेर धो धो पाऊस, पहारेकऱ्याने डोक्यावरून घोंगडी ओढलेली. अफगाण सरहद्द काही मैलांवर असताना लंडी कोतलला पकडले गेले. 1 डिसेंबरला वाघ्यावरून छावणीतले सगळेच परतले.

शिव्या खायच्या तयारीने लिहितो: पळायला नको होतं. भारत-पाकिस्तानचा सिमला करार जुलैतच झाला होता, सुटका होणारच होती. मागे राहिलेल्यांचा विचार कोणी करायचा?

सह्याद्रीवारा
करारात कैद्यांच्या सुटकेची तारीख होती का? त्यांचे 93,000 कैदी आपल्याकडे, बांगलादेशच्या मान्यतेचा घोळ चालूच. 1 डिसेंबर तुम्हाला आज ठाऊक आहे, त्यांना ऑगस्टात कुठून असणार? शिवाय युद्धकैद्यांबाबतच्या जिनिव्हा करारानुसार फसलेल्या पलायनाला फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही 30 दिवसांच्या वर नाही.

खडूस_पेन्शनर
जिनिव्हा कागदावर हो! भोक सापडलं की पहारेकऱ्यांची चामडी लोंबते आणि तो राग आत उरलेल्यांवर निघतो. आणि तयारी काय, तर लंडी कोतलला जाऊन सरहद्दीजवळच्या लंडी खाना स्टेशनची चौकशी! ते स्टेशन 1932 पासून बंद.

मुळाकाठ
पेन्शनरकाका, नकाशाच जुना होता, करणार काय? लोकांना ते पळून जाणारे बंगाली वाटले. तिथेही डोकं चाललंच की. आम्ही पाकिस्तानी हवाई दलाचे म्हणत पारुळकर ‘फिलिप पीटर’ झाले. उस्मान हमीदना फोन लावा, असा धोशा लावला. हा माणूस आधी त्यांच्याच छावणीचा प्रमुख होता. त्याच्या शब्दावर तिघे वाचले. कबायली भागात हेर ठरले असते तर संपलंच होतं.

सह्याद्रीवारा
‘सुटणारच होते’ म्हणणाऱ्यांनी हवाई दलाचेच वैमानिक विजय तांबे आठवावेत. 5 डिसेंबर 1971 ला त्यांचं विमान पाकिस्तानात पडलं, ते कधीच परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, पुढे किती वर्षं वाट पाहत राहिल्या. 2007 मध्ये पाकिस्तानातले तुरुंगही पाहून आल्या. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडे कोणी नाही.

खडूस_पेन्शनर
तांब्यांचं दुःख मान्य, पण त्याने पारुळकरांचा हिशेब बरोबर कसा ठरतो? एक कबूल, हा गडी परत आल्यावर खचला नाही. नोकरीत राहिला, एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, पोरं घडवली.

कट्टेकरी
आणि त्याच पलायनासाठी हवाई दलाने विशिष्ट सेवा पदक दिलं, हे मला काल कळलं. दलाचीच तक्रार नसेल तर मी कोण, असं सह्याद्री म्हणेल. तरी मला त्या कोठडीत मागे राहिलेल्यांपैकी कोणाशी तरी बोलायला आवडलं असतं. पारुळकर आपल्या पुण्यातच होते, 2025 च्या ऑगस्टमध्ये वारले तोवर. तेव्हाही आपण कट्ट्यावरच बसलो होतो.