किटिवेक किती मेले, मोजणार कोण?

दर्यावर्दी: जूनमध्ये यॉर्कशायरला बेम्प्टनच्या कड्यावर गेलो होतो. पांढराशुभ्र चुनखडीचा कडा, नाकात जाणारा विष्ठेचा वास, आणि वीतभर खोबणीत चिखल-गवताचं घरटं थापून बसलेले, स्वतःचंच नाव घेऊन ओरडणारे किटिवेक. आपल्या कुरवांचे नातेवाईक. याच समुद्रात दूरवर हॉर्नसीच्या पवनचक्क्या आहेत. त्यातल्या हॉर्नसी ३ प्रकल्पाला २०२० साली मंजुरी मिळाली, ती या पक्ष्यांच्या नुकसानीची भरपाई करण्याच्या अटीवर. पण नुकसान ठरवलं कसं? जमिनीवर चक्कीखाली मेलेले पक्षी वेचता येतात, समुद्रात लाट घेऊन जाते. म्हणून सगळं गणितावर: पात्यांच्या उंचीवरून किती उडतात, त्यातले किती चुकवतात. शंभरातले ९८ चुकवतात म्हटलं तर दोन मरतात, ९९ म्हटलं तर एक. एक टक्का इकडेतिकडे केला की मृत्यू निम्मे! यावर परवानग्या?

वातकुक्कुट: मग काय, गॅस जाळत बसायचं? स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळच्या समुद्री चक्क्यांवर रडार आणि कॅमेरे लावून पाहिलं, दहा हजारांवर चित्रफिती, एकही टक्कर नाही. किटिवेकांचे हाल झाले ते त्यांचं खाणं असलेला सँडईल मासा कमी झाल्याने. समुद्र तापला, वर डॅनिश बोटी तो उपसत होत्या. २०२४ मध्ये इंग्लंडने उत्तर समुद्रातल्या आपल्या हद्दीत आणि स्कॉटलंडने ती मासेमारी बंद केली. मला विचाराल तर पक्ष्यांसाठी सगळ्यात मोठं काम ते झालं.

दर्यावर्दी: ॲबर्डीनला चक्क्या अकरा, आणि पाहिलं दिवसाउजेडी. शिवाय टक्कर नाही म्हणजे त्रास नाही, असं कुठंय? लाल गळ्याचे डायव्हर पक्षी जर्मन समुद्रात चक्क्यांच्या आसपास कित्येक किलोमीटर फिरकेनासे झालेत. मेला एकही नाही, पण चरायची जागा गेली.

आकडेमोडी: विम्याच्या हिशेबात आयुष्य गेलं, म्हणून बोलते. दर्यावर्दी, ते ९८-९९ कोणी हवेतून काढलेलं नाही, निरीक्षणांवरून येतं आणि अंदाजाला खालची-वरची मर्यादाही असते. चूक होते ती मधला एकच आकडा धरून भांडण्यात. मला वेगळीच काळजी आहे. किटिवेकचं जोडपं वर्षाला फार तर दोन-तीन अंडी घालतं, त्यामुळे मोठे पक्षी थोडे जास्त मेले तरी कित्येक वर्षं भरून निघत नाही. आणि जो तो प्रकल्प म्हणतो, 'माझ्यामुळे थोडेच'. स्कॉटलंडने जुलै २०२५ मध्ये बर्विक बँक या समुद्री पवनचक्की प्रकल्पाला मंजुरी दिली, तिथे ३०७ चक्क्यांपर्यंत मुभा आहे. सगळ्यांचे 'थोडेच' मिळून किती, ही बेरीज आधी मांडा. वातकुक्कुट, तुमचे सँडईलही याच बेरजेत येतात हं.

वातकुक्कुट: बेरीज मान्य, ताई. पाती पाण्यापासून आणखी उंच ठेवली तरी बराच धोका टळतो, किटिवेक बहुतेक वेळा खालूनच उडतात. आणि हॉर्नसी ३ वाल्यांनी भरपाई म्हणून सफकजवळ समुद्रात घरट्यांचे मनोरेही उभे केलेत की!

दर्यावर्दी: म्हणजे पक्षी मरणार यॉर्कशायरचे आणि घरकुल योजना सफकला!

वातकुक्कुट: अहो, न्यूकॅसलमध्ये ते टाइन पुलाच्या लोखंडावर घरटी करतात. तरणे पक्षी जन्मल्या कड्यावरच परततात असंही नाही.

दर्यावर्दी: पण मनोऱ्यावर घर मिळालं तरी मासे त्याच समुद्रातून आणायचेत ना?

वातकुक्कुट: तेच तर पहिल्या प्रतिसादात लिहिलं होतं.